पेशीला चिठ्ठी वाचता येत नाही

गेल्या अंकात वाढत्या मेंदूवर होणाऱ्या औषधांच्या परिणामांबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. निम्मी पत्रं औषधांबद्दल, निम्मी नशेबद्दल. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत हे बरंच आहे, पण पेशीच्या लेखी तो फरक नाही. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या टेबलावर देतो ते केटामीन आणि कुणी पार्टीत हुंगतो ते केटामीन, रेणू तोच. पेशीला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही. तिला कळतं ते एवढंच, की किती आलं, आपल्या कुठल्या वयात आलं आणि किती वेळ ठाण मांडून बसलं.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी औषधं लिहून देणारी डॉक्टर नाही. माझा जन्म प्रयोगशाळेत गेला, उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या मेलेल्या पेशी मोजण्यात. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. त्यांच्याऐवजी नव्हे.

प्रश्न : माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. त्याला जांघेतला हर्निया आहे आणि सर्जन म्हणतात, लांबवू नका. पण भुलीच्या औषधाने बाळाच्या मेंदूतल्या पेशी मरतात असं वाचलं आणि माझी झोप उडाली. तो तीन वर्षांचा होईपर्यंत थांबलो तर चालेल का?

उत्तर : थांबू नका. तान्ह्या मुलाच्या हर्नियात आतडं अडकू शकतं, अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग भूल द्यावी लागतेच, तीही अवेळी, घाईघाईत आणि आधीच आजारी पडलेल्या बाळाला. म्हणजे ज्याला घाबरून थांबलात तेच जास्त वाईट रूपात पदरात पडायचं.

आता भीतीबद्दल. ती कुणी हवेतून काढलेली नाही. १९९९ साली क्रिसांती इकोनोमिडू, जॉन ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नवजात उंदरांच्या मेंदूतलं ग्लुटामेटचं, म्हणजे पेशींना चेतवणाऱ्या निरोप्या रसायनाचं, एक दार, ज्याला आम्ही एनएमडीए रिसेप्टर म्हणतो, ते औषधाने काही तास बंद ठेवलं तर एरवी मरतात त्याच्या कितीतरी पट पेशी मरतात. पुढच्याच वर्षी मद्यानेही तेच होतं हे त्यांनी दाखवलं. २००३ मध्ये वेस्ना येव्तोविच-तोदोरोविच यांच्या गटाने सात दिवसांच्या पिल्लांना रोजच्या वापरातली भुलीची औषधं एकत्र दिली : मिडॅझोलॅम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन, सलग सहा तास. मेंदूत जागोजागी पेशी मेल्या आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्याच्या चाचण्यांत मागे पडली.

असं का होतं, ते समजून घ्या. कारण पुढच्या सगळ्या उत्तरांची किल्ली त्यातच आहे. मेंदू तयार होताना पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात. काही भागांत तर निम्म्याच्या आसपास पुढे आपणहून मरतात, आणि हे अगदी निरोगी बाळात घडतं. कोण जगणार हे ठरतं बोलण्यावर. पेशीने शेजारणीला हाक मारायची, शेजारणीने ओ द्यायची. ज्या पेशीला बराच वेळ कुणी ओ देत नाही ती समजते की आपली इथे गरज नाही, आणि स्वतःचा गाशा गुंडाळते. मोठ्या माणसाची पेशी अशी हळवी नसते. ती रात्रभर गप्प राहिली तरी सकाळी कामाला लागते. भूल म्हणजे मुद्दाम आणलेली शांतता. जोडणी जोरात चालू असताना ती फार लांबली, की पेशी चुकीचा अर्थ काढतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हे कसं दिसतं? मेंदूचा कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि मरणाच्या वाटेला लागलेल्या पेशीत जागं होणारं कॅस्पेस-३ नावाचं विकर रंगवायचं. तपकिरी रंग चढतो. काहीच न दिलेल्या पिल्लाच्या कापातही इकडेतिकडे तपकिरी ठिपके असतातच. भूल दिलेल्या पिल्लाच्या कापावर मात्र कुणी ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे दिसतात.

तो २००३ चा शोधनिबंध वाचला तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. तिचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. चौथ्या महिन्यात एक आणि अकराव्या महिन्यात एक अशा दोन शस्त्रक्रिया झालेल्या, दोन्ही पूर्ण भुलीखाली. मी घरी गेले तेव्हा ती जमिनीवर ठोकळे रचत बसली होती. मी बॅग खांद्यावरून न उतरवता तिच्यामागे उभी राहून ठोकळे मोजत राहिले. नऊ. मग दहावा पडला. पुढचे कितीतरी महिने तिचा शब्द चुकला की माझ्या डोळ्यांपुढे तपकिरी शिंतोडे यायचे. ती आता पंचविशीत आहे आणि हिशोबाला माझ्यापेक्षा पक्की आहे. एका मुलीवरून काहीच सिद्ध होत नाही हे मला कळतं, म्हणून पुढचे आकडे.

सात देशांत मिळून ७२२ तान्ह्या बाळांवर एक अभ्यास झाला, आणि शस्त्रक्रिया नेमकी तुमच्या मुलाचीच होती, जांघेतल्या हर्नियाची. कोणाला पूर्ण भूल आणि कोणाला जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर करायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. भुलीचा वेळ साधारण ५४ मिनिटं. मुलं दोन वर्षांची असताना आणि पुन्हा पाच वर्षांची असताना तपासली. २०१९ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यांक ९९ च्या आसपास, फरक नाही. दुसऱ्या एका अभ्यासात १०५ भावंडांच्या जोड्या घेतल्या. एकाला तीन वर्षांच्या आत हर्नियासाठी भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही. तिथेही बुद्ध्यांकात फरक नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तीन तासांहून जास्त किंवा वारंवार दिल्या जाणाऱ्या भुलीबद्दल. वारंवार भूल मिळालेल्या मुलांत बुद्ध्यांक तसाच, पण कामाचा वेग आणि बोटांचं बारीक काम किंचित कमी, असं एका अभ्यासात दिसलंही. तुमच्या मुलाची एकच आणि छोटी शस्त्रक्रिया या चौकटीत बसत नाही.

भूलतज्ज्ञांना भेटा आणि औषधाच्या नावापेक्षा दुसरंच विचारा. इतक्या लहान बाळांना भूल द्यायची त्यांना सवय आहे का? शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाब, ऑक्सिजन, साखर आणि अंगाची ऊब यांवर लक्ष कसं ठेवणार? आदल्या दुधाची वेळ कोणती? (अंगावरचं दूध साधारण चार तास आधीपर्यंत चालतं. बाळ विनाकारण रात्रभर उपाशी ठेवायला कुणी सांगितलं तर का ते विचारा.) तासाभराच्या भुलीपेक्षा पडलेला रक्तदाब मेंदूला जास्त महागात पडतो.

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षांची. फिट येतात म्हणून सात वर्षं व्हॅल्प्रोएट घेते आहे, तीन वर्षांत एकही फिट नाही. आता आम्हाला मूल हवं आहे. सासूबाई म्हणतात, दिवस राहिले की गोळ्या बंद कर. नवरा म्हणतो, डॉक्टरांनी दिलंय ना, मग चालू ठेव. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही नाहीत, आणि दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. म्हणूनच हे प्रकरण अवघड.

सासूबाईंची शंका रास्त आहे. आकडीच्या औषधांत गर्भाला सर्वांत जास्त त्रास देणारं म्हणून व्हॅल्प्रोएटचंच नाव घ्यावं लागतं. पोटात असताना ते मिळालेल्या दर दहांतल्या एका बाळात काही ना काही जन्मजात दोष आढळतो. सहाव्या वर्षी तपासलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक व्हॅल्प्रोएटच्या गटात ९७, तर लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन या आकडीच्या दुसऱ्या औषधांच्या गटांत १०८ निघाला. डोस जितका मोठा, तितकी घट मोठी. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत स्वमग्नतेचं प्रमाणही एरवीच्या दीड टक्क्याच्या जागी साडेचार टक्क्यांच्या घरात दिसलं.

हे औषध पेशींना गप्प करून थांबत नाही, ते थेट पेशीच्या केंद्रकात हात घालतं. आपल्या डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. कुठलं रीळ कधी सैल करायचं आणि कधी घट्ट, यावर ही पेशी कोण होणार, कुठे जाणार हे ठरतं. व्हॅल्प्रोएट रीळ घट्ट करणाऱ्या विकराला अडवतं. मग नको त्या वेळी नको ते धागे सुटतात. मोठ्या माणसात याचा फारसा गवगवा होत नाही, पण जिथे अजून आखणीच चालू आहे तिथे होतो.

पण ‘दिवस राहिले की बंद’ यात दोन खड्डे आहेत. पहिला, बाळाचा मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू जिच्यापासून बनते ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते, आणि तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तुम्ही गोळी बंद कराल तेव्हा ते काम उरकलेलं असेल. दुसरा खड्डा जास्त खोल. एकदम बंद केल्यावर न थांबणारी आकडी येऊ शकते, आणि तीत आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. तेव्हा गोळी स्वतःहून एक दिवसही चुकवू नका.

मग करायचं काय? मूल ठरवण्याच्या आधी, निदान काही महिने तरी, मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं आणि सरळ म्हणायचं : मला आई व्हायचंय, माझं औषध बदलता येईल का? लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम यांचा इतिहास यापेक्षा खूपच बरा आहे. बदल हळूहळू होतो, नव्या औषधावर फिट थांबलेल्या राहतात ना हे पाहावं लागतं, आणि तोवर गर्भनिरोधन पाळायचं. सगळ्यांचंच औषध बदलता येतं असं नाही. काहींच्या फिट फक्त व्हॅल्प्रोएटलाच दाद देतात. तेव्हा डोसचा विचार करावा लागतो. फॉलिक ॲसिड आजपासूनच, किती ते डॉक्टर ठरवतील. मघाच्या त्याच बुद्ध्यांकाच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या सुमारास ज्या आया फॉलिक ॲसिड घेत होत्या त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०८ होता आणि न घेणाऱ्यांच्या मुलांचा १०१. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांनी काळजीपोटी म्हटलं आहे, फक्त वेळ चुकली.

प्रश्न : गरोदरपणात तापासाठी पॅरासिटॅमॉल घेतलं तर मूल स्वमग्न होतं का?

उत्तर : स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या जवळजवळ पंचवीस लाख मुलांची नोंद तपासली गेली. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केल्यावर, एकाच्या वेळी औषध घेतलेलं आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, पॅरासिटॅमॉलचा स्वमग्नतेशी संबंध उरला नाही. उलट गरोदरपणात चढलेला ताप अंगावर काढणं बाळासाठी चांगलं नाही. लागेल तेवढंच, लागेल तितकेच दिवस, डॉक्टरांना सांगून घ्या.

प्रश्न : कधीतरी एखादा पेला वाइन घेतली तर? पोटातल्या बाळाला एवढ्याने काय होतंय!

उत्तर : मद्य पेशीचं ग्लुटामेटचं दार बंद करतं आणि त्याच वेळी पेशींना गप्प करणाऱ्या गाबा या निरोप्या रसायनाचं दारही हलवतं, म्हणजे दोन्ही हातांनी गप्प करतं. इतकी माहिती असूनही ‘एवढं चालेल’ असा सुरक्षित आकडा गरोदरपणासाठी कुणालाही ठरवता आलेला नाही. नको.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मित्र गांजा ओढतात, मीही चार-पाचदा ओढला. शाळेत सांगतात मेंदूच्या पेशी जळतात. मित्र म्हणतात सगळं थोतांड, नैसर्गिक वनस्पती आहे. खरं सांगाल का? (घरी कळवू नका.)

उत्तर : घरचा पत्ता तू दिलाच नाहीस, तेव्हा निश्चिंत राहा.

पेशी जळत नाहीत. ते चित्र खोटं आहे, आणि मोठी माणसं असं खोटं बोलतात म्हणूनच तुमची पिढी त्यांच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही. मला याचा फार राग येतो. ‘नैसर्गिक’ हे मात्र त्याहून पोकळ. धोतराही नैसर्गिकच आहे.

तुझा मेंदू गांजासारखा एक पदार्थ स्वतः बनवतो. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला आणि त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’, आपल्याच ‘आनंद’ या शब्दावरून. हा पदार्थ गरजेपुरता चिमूटभर तयार होतो, आपलं काम करतो आणि लगेच मोडला जातो. गर्भात तर नव्या मज्जातंतूच्या टोकाला कुठे वळायचं हे सांगण्यातही या यंत्रणेचा हात असतो. तुझ्या वयात कुठली जोडणी ठेवायची आणि कुठली छाटायची, तारांवर वेष्टण कुठे चढवायचं, हे काम कपाळामागच्या भागात चालू आहे आणि पंचविशीपर्यंत चालणार आहे. गांजातला नशा आणणारा पदार्थ टीएचसी आनंदामाइडच्याच कुलुपात जाऊन बसतो, पण लवकर उठत नाही. वाहतूक हवालदार दर क्षणाला हात बदलतो, त्याच्या जागी हात वर करून उभा पुतळा ठेवला तर चौकात काय होईल? गाड्या जळत नाहीत. वाटा बदलतात.

आता आकडे, दोन्ही बाजूंचे. न्यूझीलंडमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं सवय ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी आठ गुणांनी घसरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांच्या एका अभ्यासात, ओढणारा आणि न ओढणारा भाऊ यांच्या बुद्ध्यांकात तसा फरक मिळाला नाही. तेव्हा बुद्ध्यांकावरचा वाद मिटलेला नाही. मनोविकाराबद्दल मात्र मी इतकी सैल बोलणार नाही. लवकर सुरुवात आणि जोरदार माल, यांचा भास-भ्रमाच्या आजारांशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. तुझ्या रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार असेल तर तुझ्यासाठी हा जुगार वेगळ्याच पैजेचा आहे. तेवढं घरी विचारून घे. गांजाचं नाव न काढताही विचारता येतं. चार-पाचदा ओढल्याने तुझं काही कायमचं बिघडलं असं म्हणायला आधार नाही. सहाव्यांदा नको म्हण. पंचविशीनंतर काय करायचं ते तुझं तू ठरवशील.

प्रश्न : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. वाढत्या मज्जापेशींना औषधांपासून वाचवणारा पदार्थ शोधायचा प्रकल्प मिळाला आहे. असं काही खरंच आहे का? आणि काम करताना कशाला जपू?

उत्तर : तुझं पत्र वाचून जुने दिवस आठवले, म्हणून जरा लांबण लावते.

पेशी वाढवायच्या तुझ्या डबीत त्यांना वाचवणारे पदार्थ पुष्कळ सापडतील. एरिथ्रोपोएटिन, मेलाटोनिन, लिथियम, झेनॉन वायू, डेक्समेडेटोमिडीन, या सगळ्यांनी उंदरांच्या पिल्लांत किंवा पेशींत कुठे ना कुठे करामत दाखवली आहे. पण उंदरापासून बाळापर्यंतचा रस्ता फार खडबडीत. एरिथ्रोपोएटिनवर किती आशा होती! फार लवकर जन्मलेल्या ९४१ बाळांत ते तपासलं, २०२० मध्ये निकाल आला : उपयोग नाही. जन्मताना गुदमरलेल्या ५०१ बाळांत तपासलं, २०२२ मध्ये निकाल : उपयोग नाही.

आणि जे चाललं ते बघ. गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवणं. औषधच नाही, नुसता गारवा. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास थांबू नये म्हणून कॅफीन दिलं, तर सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचं, प्रमाण ७.३ वरून ४.४ टक्क्यांवर आलं. आणि वेळेच्या फार आधी प्रसूती होऊ घातलेल्या आईला मॅग्नेशियम सल्फेट. २००८ च्या मोठ्या चाचणीत मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी ३.५ वरून १.९ टक्क्यांवर आली.

मॅग्नेशियमपाशी जरा थांब. ते बसतं कुठे? एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडात. तेच दार, जे १९९९ मध्ये औषधाने बंद केल्यावर पिल्लांच्या पेशी मेल्या! मॅग्नेशियमचा गुण त्यामुळेच येतो असं ठामपणे म्हणता येत नाही, पण दाराची गंमत खरी आहे. प्राणवायू तुटला की ग्लुटामेटचा लोंढा येतो, दार सताड उघडं राहतं आणि पेशी कॅल्शियमने भरून मरते. शांत वेळी तेच दार फार काळ लावून ठेवलं तर हाक न आल्याने मरते. तेव्हा ‘वाचवणारा पदार्थ’ असं प्रकल्पाच्या शीर्षकात लिहिशील तिथे कधी, किती आणि कुठल्या वयाच्या पेशीला हेही लिही. गाबाचंही तसंच आहे. मोठ्या पेशीला गप्प करणारा गाबा कोवळ्या पेशीला चेतवतो, कारण कोवळ्या पेशीच्या आत क्लोराइड भरलेलं असतं. तुझ्या पेशी डबीत तिसऱ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी एकच पेशी नसतात, हे मार्गदर्शकांनाही आठवण करून द्यावं लागेल.

जपायचं कशाला, तर स्वतःच्या डोळ्यांना. पहिल्या वर्षी मी काचांवरची लेबलं उघडी ठेवून मोजत असे. डाव्या हातात टकटक करणारा गणक, उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर. औषध दिलेल्या काचेवर मला दरवेळी भरपूर ठिपके दिसायचे, अंधुक तपकिरी दिसलं तरी टक्. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एके दिवशी काही न बोलता सगळ्या लेबलांवर चिकटपट्ट्या लावल्या, काचा पिसल्या आणि ट्रे माझ्यापुढे सरकवला. पट्ट्या काढल्या तेव्हा परिणाम होता, पण माझ्या वहीतला बराचसा फरक गळून गेला होता. त्या काचा अजून माझ्या कपाटात आहेत. पट्ट्यांचा गोंद आता पिवळा पडलाय.